निमित्त कोण?

आपल्या पत्रिकेत नऊ ग्रह मांडलेले असतात. त्यातला सूर्य हा तारा, चंद्र हा पृथ्वीभोवती फिरणारा, आणि राहू-केतू हे तर आकाशातले नुसते छेदनबिंदू, त्यांना अंगच नाही. गुरू आणि शनी हे वायूचे अवाढव्य गोळे. त्यांच्यावर पाय ठेवायला जमीन सापडायची नाही. उरले बुध, शुक्र आणि मंगळ. हे तिघं मात्र आपल्या ओळखीच्या वस्तूचे बनलेले आहेत, दगडाचे. आणखी एक चौथा दगडी ग्रह आहे, पण तो पत्रिकेच्या बारा घरांपैकी कुठेच बसवलेला नाही. कारण आपण त्याच्यावरच उभे आहोत.

या चार दगडी ग्रहांबद्दल लिहायचं मनात आलं ते एका जुन्याच प्रश्नामुळे. माणसाचं जे काही बरंवाईट होतं, त्यात त्याचं स्वतःचं किती आणि बाहेरच्याचं किती? आपल्या स्वाध्यायात हा प्रश्न उपादान आणि निमित्त या दोन शब्दांत येतो. पाठशाळेत शिकलेलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. घडा मातीचा होतो, म्हणून माती हे उपादान. कुंभार, चाक, दांडा हे निमित्त. कुंभार कितीही हुशार असला तरी वाळूचा घडा होणार नाही, आणि माती नुसती पडून राहिली तर तिचा आपोआप घडा होत नाही. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पुढे वाद सुरू होतो, आणि चातुर्मासात तो कधीकधी असा रंगतो की सूर्यास्ताच्या आत जेवायचं आहे, हे कुणीतरी लक्षात आणून द्यावं लागतं.

मला या प्रश्नासाठी घड्यापेक्षा चार ग्रहांचं उदाहरण जास्त पटतं. शिवाय त्यात कुंभार नाही, ही आपल्या दृष्टीने सोयीचीच गोष्ट.

साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती वायूची आणि धुळीची एक मोठी चकती फिरत होती. सूर्याच्या जवळच्या भागात उष्णता इतकी, की पाण्याचा बर्फ तिथे टिकेना. घट्ट होऊन राहिले ते फक्त धातू आणि दगडाचे कण. ते एकमेकांना चिकटत, आदळत मोठे होत गेले आणि त्यातून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ तयार झाले. चौघांची बांधणी एकच: पोटात लोखंडाचा गाभा, त्यावर दगडाचा जाड थर, वर पातळ कवच. एका घरातली चार भावंडं म्हणावीत अशी. आणि तरी आज चौघांकडे पाहिलं तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

बुध सूर्यापासून सुमारे ५.८ कोटी किलोमीटरवर, सगळ्यांत जवळ. व्यास ४,८७९ किलोमीटर, म्हणजे चंद्राहून थोडाच मोठा. आत लोखंड इतकं, की मध्यापासून पृष्ठभागापर्यंतच्या अंतरातलं जवळजवळ ८५ टक्के अंतर गाभ्यानेच व्यापलेलं. पुरण काठोकाठ आणि वरची पारी अगदी पातळ, अशी ती पोळी. अंगावर हवेचं पांघरूण जवळपास नाहीच. त्यामुळे दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि रात्री उणे १८० पर्यंत गारठतो. आलेली उष्णता धरून ठेवायला त्याच्याजवळ काही नाही. गंमत म्हणजे इतक्या जवळ राहूनही बुधाच्या ध्रुवांजवळच्या काही खोल विवरांमध्ये सूर्यकिरण कधीच पोचत नाहीत, आणि तिथे बर्फ आहे. २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाने त्याला बळकटी दिली. सूर्य एवढा जवळ, तरी त्या खड्ड्यापुरता तो निमित्त ठरला नाही.

शुक्र हा खरं तर पृथ्वीचा जुळा भाऊच. पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर, शुक्राचा १२,१०४. वजनही पृथ्वीच्या ८१ टक्के. पण सूर्यापासून अंतर १०.८ कोटी किलोमीटर, आपलं १५ कोटी. एवढ्या फरकाने काय झालं पहा. शुक्राजवळ हवा आहे, आणि ती नको इतकी आहे: ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड, वर गंधकाम्लाचे ढग. जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त, म्हणजे समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर जाणवेल तेवढा. उष्णता आत येते पण बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे सूर्याच्या अधिक जवळ असलेला बुध राहिला बाजूला आणि सगळ्यांत तापलेला ग्रह ठरला शुक्र, सुमारे ४६५ अंश. शिसं वितळेल इतका. रशियाचं व्हेनेरा १३ हे यान १९८२ साली तिथे उतरलं आणि दोन तास सात मिनिटं टिकलं, तर तोच पराक्रम मानला गेला.

संध्याकाळी पश्चिमेला जी देखणी चांदणी दिसते ती ही. तिचं ते तेज ढगांवरून परतलेल्या उन्हाचं आहे. आपण ज्याच्या नावाने विवाहसुख आणि सौंदर्य मागतो, त्याच्या घरी ही भट्टी. शुक्रावरच्या जागांना, दोन-तीन अपवाद सोडले तर, बायकांची नावं द्यायचा संकेत आहे. तिथल्या एका विवराला आनंदीबाई जोशींचं नाव आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली, आणि पुढच्याच वर्षी, बावीसाव्या वर्षाच्या आतच गेलेली आपली आनंदीबाई. तिच्या पत्रिकेत शुक्र कुठे होता कोण जाणे. शुक्रावर मात्र ती आहे.

मंगळाचं उलट झालं. तो २२.८ कोटी किलोमीटरवर, लांब, आणि मुळात अंगाने लहान. व्यास पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त, पण वजन फक्त दहावा हिस्सा. वाटीतली आमटी पातेल्यातल्या आमटीच्या आधी निवते. तसंच झालं. पोटातली उष्णता लवकर ओसरली, लोखंडी गाभ्यातली घुसळण थांबली आणि तिच्यामुळे ग्रहाभोवती असणारं चुंबकीय कवच गेलं. मग सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या वाऱ्याने त्याची हवा हळूहळू ओरबाडून नेली. आज तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. एके काळी तिथे नद्या वाहिल्या होत्या, त्यांची कोरडी पात्रं अजून दिसतात. सुमारे २२ किलोमीटर उंच ज्वालामुखी आहे, चार हजार किलोमीटर लांबीची दरी आहे, आणि सगळीकडे लाल धूळ. हा लाल रंग ना रागाचा, ना रक्ताचा. तो गंज आहे. पावसाळ्यात न पुसलेल्या तव्यावर चढतो, तोच लोखंडाचा गंज.

आणि चौथी आपली पृथ्वी. आकार असा की पोटातली धग अजून शाबूत आहे, म्हणून चुंबकीय कवच आहे, म्हणून हवा टिकली आहे. अंतर असं की पाणी पाणी म्हणून राहतं. मला सगळ्यांत नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड आहे, अंदाजे तेवढाच आपल्या पृथ्वीजवळही आहे. फक्त तो हवेत नाही. पावसाने तो हवेतून धुतला, समुद्राने घेतला, शिंपल्यांनी अंगावर घेतला, आणि शेवटी तो चुनखडीच्या दगडात जाऊन बसला. विष दोघींकडे सारखंच. एकीकडे ते उदयात आलं, दुसरीकडे सत्तेत पडून राहिलं. आपल्या कर्मग्रंथातली भाषा इथे इतकी चपखल बसते, की मी ती वापरल्याबद्दल कुणी रागावणार नाही असं वाटतं.

आता प्रश्नाकडे येते. शुक्राचं असं का झालं? सूर्य जवळ म्हणून, की त्याच्या स्वतःच्या हवेमुळे? सूर्यच कारण म्हणावं तर बुध अधिक तापायला हवा होता. नुसती स्वतःची घडण म्हणावी तर पृथ्वीचं तसंच व्हायला हवं होतं. मंगळाचं का बिघडलं? लांब होता म्हणून, की लहान होता म्हणून? दोन्ही. उपादानाशिवाय निमित्ताला काही करता येत नाही, आणि निमित्त बदललं की त्याच उपादानाचं निराळं काही होतं. एवढं कळलं की दोन्हीकडची टोकं सुटतात.

आणि हेही कळतं की निमित्त म्हणजे कुठलीही जवळपासची वस्तू नव्हे. जिचा परिणाम खरोखर पोचतो, तीच निमित्त.

मंगळाचा परिणाम आपल्यापर्यंत किती पोचतो? त्याचं आपल्यापासूनचं अंतर सतत बदलतं. जवळात जवळ साडेपाच कोटी किलोमीटर, लांबात लांब चाळीस कोटी. पण पत्रिकेतल्या मंगळाच्या दोषाला या सातपट फरकाने काही होत नाही. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की दोष, एवढंच धरतात. बारापैकी पाच घरं. म्हणजे हिशेबाने दर बारा माणसांत पाच जण मंगळाचे. गावातल्या दर बारा मुलांतही पाच. तरी 'मुलीला मंगळ आहे का?' हाच प्रश्न आधी का येतो, याचं उत्तर आकाशात शोधून मिळायचं नाही.

आपलं शास्त्रही याच्या मागे उभं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र, ग्रह हे ज्योतिषी देव म्हणून येतात. त्यांचं भ्रमण मेरूभोवती सांगितलं आहे, आणि आजचं विज्ञान तसं सांगत नाही, ते आपण दोन्ही वाचलेल्यांनी आपापल्या मनाशी पाहावं. पण त्या देवांचं काम काय सांगितलंय, ते पहा. त्यांच्या गतीमुळे दिवस, रात्र, महिने असे काळाचे विभाग पडतात. फळ देण्याचं काम त्यांच्याकडे दिलेलं नाही. घड्याळ वेळ दाखवतं. उशीर झाला तो घड्याळामुळे झाला असं कोण म्हणतं?

नवग्रह विधान करणाऱ्या माझ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत. विधानात मन शांत होतं, दोन तास जिनेंद्रांचं स्मरण होतं, त्याला माझी हरकत नाही. फक्त एक गोष्ट सांगते. मंगळाच्या शांतीसाठी आपण वासुपूज्य भगवंतांना अर्घ्य वाहतो. वासुपूज्य हे पाच बालयतींपैकी एक, ज्यांनी विवाहच केला नाही. लग्न जमावं म्हणून आपण त्यांच्यापुढे उभे राहतो. ते वीतराग आहेत, म्हणूनच बहुधा हसत नसावेत.

ही सगळी चर्चा ज्यांच्यासाठी करायची ते मात्र हसण्यासारखं नाही. आमच्या ओळखीत एक मुलगी होती. शिकलेली, नोकरी करणारी, घरात सगळ्यांचं करणारी. आठव्या घरात मंगळ. चार ठिकाणांहून पत्रिका परत आली. पाचव्या ठिकाणी पाहणं झालं, मुलाची पसंती झाली, मुलीचीही झाली, आणि आठ दिवसांनी निरोप आला, "आमच्या पंडितजींनी नको म्हटलंय." पुढे दोन वर्षं तिच्या आईने समारंभांना जाणं सोडलं. ही गोष्ट बस्तीत निघाली तेव्हा एक वयस्कर अक्का म्हणाल्या, "ग्रहबिह काही नाही गं. त्या मुलीच्या अशुभ कर्माचा उदय. कोण काय करणार?"

अक्कांचं पहिलं वाक्य मला आवडलं. दुसऱ्यावर मी बरेच दिवस विचार करत होते.

अक्कांनी मंगळाला उठवलं आणि त्याच पाटावर कर्माला बसवलं. मुलगी होती तिथेच राहिली. दोष आधी बाहेर होता, तो आता तिच्या आत नेऊन ठेवला. मंगळाच्या दोषाला निदान शांती तरी सांगतात. या दोषाला तर तेही नाही. आपण जैन ग्रहांना मानत नाही, कर्म मानतो, हे अभिमानाने सांगतो. पण हा अभिमान जर एका मुलीच्या दारात असा पोचत असेल, तर त्यात मंगळ बरा म्हणायची वेळ येईल.

सिद्धांत खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. मला काही सोसावं लागलं आणि मी म्हटलं, 'हे माझंच कर्म', तर माझा दुसऱ्यावरचा राग उतरतो, समता येते. सामायिकाला बसून आपण हेच तर शिकतो, की दुसरा कुणी आपल्याला सुख देत नाही आणि दुःखही देत नाही. पण हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. 'मला' दुसरा दुःख देत नाही. ते उचलून दुसऱ्याच्या दुःखावर ठेवलं, की त्याची समता न होता निष्ठुरता होते. औषध तेच, पण ज्याने घ्यायचं त्याने घ्यावं.

शिवाय हिशेब तिथे संपत नाही. तिच्या कर्माचा उदय झाला असं क्षणभर धरू. पण निरोप कुणी पाठवला? शास्त्र निमित्ताला मोकळं सोडत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माचा आस्रव कशाने होतो ते सांगितलं आहे: स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख, शोक, ताप देण्याने. म्हणजे त्या मुलीचं जे होतं ते कदाचित झडून गेलं असेल. बांधून घेतलं ते निरोप पाठवणाऱ्यांनी. आणि बस्तीत बसून मान हलवणाऱ्यांनीही थोडं.

सूर्याला शुक्र तापवायचा नव्हता. त्याला मन नाही, म्हणून त्याला आस्रवही नाही. दगडी ग्रहांच्या गोष्टीत निमित्त आहे पण दोषी कुणी नाही. आपल्याकडे तसं नाही. आपण एकमेकींना निमित्त होतो ते जाणूनबुजून, बोलून, निरोप पाठवून, गप्प बसून. आपल्या आणि सूर्यामध्ये हा एवढा फरक आहे, आणि सगळी नीती त्या फरकातच आहे.

यावर एक बाजू खरी आहे, ती सोडून चालणार नाही. आई म्हणून भीती वाटते. 'मंगळ पाहिला नाही आणि पोटच्या पोराचं काही बरंवाईट झालं तर?' ही भीती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. जिने लेकरू वाढवलंय तिला ती असणारच. पण भीती हीसुद्धा घरातल्या पैशासारखी आहे, योग्य जागी खर्च व्हायला हवी. लग्न झाल्यावर मुलीला किंवा मुलाला ज्यांचा ताप खरोखर पोचतो, अशी निमित्तं ओळखायला जड नाहीत. घरात दारू आहे का, कर्ज लपवलंय का, मुलगा आईशी आणि कामवालीशी कसा बोलतो, दोघांनी आरोग्याच्या तपासण्या केल्यात का. हे विचारायला आपण संकोचतो. साडेपाच कोटी किलोमीटरवरच्या गंजलेल्या दगडाची चौकशी बारकाईने करतो आणि समोर बसलेल्या माणसाची करत नाही.

आपल्या देशाचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं. त्या दिवशी मंगळवार होता. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं, आणि त्या दिवशीचं इस्रोतल्या साडी नेसलेल्या, केसात गजरा माळलेल्या बायकांच्या आनंदाचं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या आपल्यासारख्याच घरच्या. त्यांच्यापैकी कुणाच्या पत्रिकेत मंगळ कुठे असेल, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाईच्या बुद्धीचं काम समोर दिसतं तेव्हा पत्रिका आठवत नाही. ती आठवते बाई सून म्हणून उंबऱ्याशी उभी राहिली की.

म्हणून मला पत्रिकेत नसलेला तो चौथा ग्रह महत्त्वाचा वाटतो. बुध, शुक्र, मंगळ यांना घरं दिली आणि ज्याच्यावर घर बांधलं त्याला दिलं नाही. आपल्या आयुष्याला निमित्त होणारं जे काही आहे ते बहुतेक इथेच आहे, याच दगडाच्या पाठीवर. आईबाप, शेजार, शाळा, नवरा, सासू, बस्तीत शेजारी बसणारी बाई. त्यांच्यात आपणही आलो. दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्याच्या पत्रिकेत आपण कुठल्या ना कुठल्या घरात बसलेल्या असतो, आणि मंगळापेक्षा फार जवळ असतो.

जैन प्रतीकाच्या खाली छापलेलं सूत्र आपण लग्नपत्रिकांवर, वह्यांवर, बस्तीच्या कमानीवर रोज पाहतो. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं, असा त्याचा भाव. त्या सूत्रात उपयोगी पडण्याला जो शब्द आहे तो 'उपग्रह'. आज मराठीत आपण तो शब्द चंद्राला लावतो. उमास्वामींनी तो माणसांना, सगळ्याच जीवांना लावला होता.

ग्रहांची चौकशी पुष्कळ झाली. पुढच्या वेळी कुणाची पत्रिका परत पाठवायची वेळ आली, तर हातात पाकीट असताना एवढं स्वतःला विचारावं: हिच्या दुःखाला कुणीतरी निमित्त व्हायचंच असेल, तर ते मीच का व्हावं?